चेरी ब्रँडीचं करवंदाशी जमलं त्याची हकीकत

जाहीर नोटीस. तमाम जनतेस, विशेषतः चुलीपुढे उभं राहून थकलेल्या जनतेस, कळविण्यात येते की चेरी ब्रँडी आणि वेलदोडा यांचा यापुढे एकमेकांशी कोणताही संबंध राहिलेला नाही. तसेच केळं, चिंच, कॅरमल कस्टर्ड आणि रव्याचा शिरा यांनी सदर ब्रँडीशी केलेला कोणताही व्यवहार आमच्यावर बंधनकारक राहणार नाही. हुकमावरून. हुकूम अर्थात माझाच, कारण या सगळ्या जोड्या मी माझ्या एकट्याच्या जिभेवर लावून पाहिल्या आहेत. नुसतं आठवलं तरी मला अजून खाली बसावंसं वाटतं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. मी दुष्काळी कामांवर कारकून होतो आणि मिरजगावच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या बांधकाम खात्याच्या बंगल्यात माझं टेबल होतं. माणसं दिवसभर उन्हात खडी फोडत. ती नीट फुटते की नाही हे बघायला दर दिवसाआड एक जीप येई. जीपमधली माणसं खडी बघत दहा मिनिटं आणि जेवत दीड तास.

या जेवणाऱ्यांना जेवू घालणारा आमचा खानसामा. त्याला सगळे मामा म्हणत. मामा मूळचा नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातला, डोंगरातला. तिकडच्या बंगल्यावरून त्याला ‘पंधरा दिवसांसाठी’ म्हणून आमच्याकडे उसना आणला होता, त्याला चौदा महिने झाले होते. तिकडे बायको एकटी, भाताचं वावर, आणि इकडे मामा रोज तेच कस्टर्ड लावत उभा. त्याचे पाय संध्याकाळपर्यंत सुजत. मी विचारलं, “मामा, कसं काय?” तर तो म्हणे, “कसं काय म्हंजे? हाय की उभा.”

अशात बंगल्यावरच मुक्काम असलेल्या आमच्या साहेबांकडे ती चेरी ब्रँडीची बाटली आली. विहिरींची यंत्रं बघायला आलेल्या एका परदेशी पाहुण्यानं साहेबांना ती भेट दिली होती. लेबलवर दोन लालभडक चेऱ्या. साहेब पीत नसत, आणि घरी न्यायचं धाडस त्यांच्यात नव्हतं; त्यांच्या पत्नीला मी एकदा पाहिलं होतं, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण तो पाहुणा पुन्हा यायचा होता, दुपारच्या जेवणाला. साहेबांनी मामाला बोलावलं.

“मामा, पाहुण्याची भेट पाहुण्यालाच गोड पदार्थात घालून वाढायची. खाण्यात घातली की ती दारू राहत नाही.”

“व्हय साहेब.”

“पदार्थ असा झाला पाहिजे की त्यानं नाव काढावं. तेवढं करा, तुमच्या बदलीच्या कागदावर त्याच दिवशी सही करतो. भात लावायला, आवणीला घरी.”

मामाच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा तेज पाहिलं. पण स्वयंपाकघरात आल्यावर तो पिठाच्या डब्यावर बसला आणि गळ्यातली तुळशीची माळ बोटानं फिरवायला लागला.

“भाऊसाहेब, मी माळकरी. हाताला चालतं, जिभंला न्हाई चालत.”

“मग चव कोण बघणार?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

अशा रीतीनं मी सरकारी खर्चानं जीभ झालो. मामा वास घेई, मी चव घेई. दोघांचा मिळून एक आचारी. पहिल्या दिवशी त्यानं ब्रँडी कस्टर्डवर ओतली. ते खोकल्याच्या औषधासारखं लागलं. दुसऱ्या दिवशी शिऱ्यात घालून वाफ आणली, तर ब्रँडीचा सगळा वास उडून व्हरांड्यात गेला आणि शिरा नुसता शिरा राहिला. पहाऱ्यावरचा शिपाई मात्र दिवसभर विनाकारण हसत होता. त्यातून एवढं समजलं की ही बया चुलीवर टिकत नाही, पदार्थ उतरवून निवल्यावरच घालायची. केळ्यानं तिला बोलूच दिलं नाही. चिंच आणि ती एकमेकींवर ओरडल्या. वेलदोड्याचं सांगितलंच.

हे सगळं माझ्या पोटात जात होतं, बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात, सकाळी दहा वाजता. बाहेर कामावरच्या लोकांना सुकडी वाटत, आणि आत आम्ही दोघं एका बाटलीला जोडीदार शोधत होतो. आज सांगताना हसू येतं. तेव्हा फारसं येत नव्हतं. सहाव्या दिवशी मी म्हणालो, “मामा, मला आता सुकडीच द्या.”

“मला घरी जायचंय, भाऊसाहेब,” तो एवढंच म्हणाला. मी पुन्हा चमचा उचलला.

आठव्या दिवशी त्यानं बाटलीचं बूच नाकाखाली धरलं आणि डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, उभ्यानंच झोपला.

“ह्यात फळाच्या आतली बी हाय,” तो म्हणाला. “बी फोडल्यावर येतो न्हाई का, तसला वास.”

नगरहून आलेल्या सुक्या मेव्यात जर्दाळू होते. त्यांच्या बिया त्यानं वरवंट्यानं फोडल्या, आतला गोड गर वाटला, ब्रँडीचे चार थेंब टाकले आणि मला दिला. मी चाटला. खरं सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला दुसरा चमचा मागावासा वाटला. सोबत चक्का घेतला, दुधासारखा तो फाटायचा प्रश्न नव्हता. त्यात साखर आणि जायफळ. जायफळ तिला लगेच मानवलं. पण काहीतरी कमी होतं. आंबट, गडद, दाताखाली येणारं काहीतरी.

साहेबांनी मोठ्या हौसेनं नगरच्या एका बेकरीतून लाल चेऱ्यांची पुडी आणली. मामानं त्यातली एक नखानं सोलली, तोंडात टाकली. यात दारू नव्हती, त्यामुळे त्याची जीभ मोकळी होती. तो चावत राहिला आणि मग हळूहळू त्याच्या तोंडावर असा भाव आला की जणू गावातला माणूस परदेशी कपडे घालून समोर आलाय.

“भाऊसाहेब, ह्यो चेरी न्हाई. आमचं करवंद हाय! कच्चं पाकात घालून रंगावलंय.”

“काय सांगता!”

“लहानपनापास्नं खातोय, मला फशिवता व्हय? मग रंगावल्यालं कशाला, खरंच आनू की.”

त्यानं घरी निरोप धाडला. चौथ्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरनं पळसाच्या पानांनी झाकलेली पाटी आणून दिली. काळीभोर, पिकलेली करवंदं. नगरला गाडी बदलून, एवढ्या धुळीतून येऊनही बहुतेक शाबूत. पाटीबरोबर त्याच्या बायकोचा निरोपही ड्रायव्हरच्या तोंडी आला होता: “भाताच्या रोपासाठी वावरात दाढ शेजाऱ्यांनी भाजून दिली. आवणी काय शेजारी करनार न्हाईत, म्हनावं.” मामानं तो निरोप ड्रायव्हरकडून दोनदा वदवून घेतला.

करवंदं बिया काढून गुळात शिजवली, उतरवून निवू दिली, मग ब्रँडी. वर जायफळाचा चक्का, त्यावर जर्दाळूच्या बियांचा भरडा. माठ ओल्या गोणपाटात गुंडाळून वाटग्या त्यात गार केल्या. मी चव घेतली आणि चमचा चाटूनपुसून खाली ठेवला. मामा माझ्या तोंडाकडे बघत होता, निकालाच्या यादीसमोर उभ्या असलेल्या बापासारखा.

“सांगा की.”

“मामा,” मी म्हणालो, “सामान बांधायला घ्या.”

त्यानं खरोखर बांधलं. वळकटी, ट्रंक, बायकोसाठी घेतलेलं लुगडं. सगळं स्वयंपाकघराच्या दारामागे ठेवून तो वाढायला गेला.

पाहुण्यानं पहिला चमचा घेतला आणि थांबला. मग वाटगी तिरकी करून उरलेलं खरवडलं. त्यानं हातानंच विचारलं, अजून आहे? होतं. वर्षभर साहेबांचं जेवण मी पाहिलं होतं, ते नेहमी फायलीसारखं, एकेक घास निकालात काढत. त्या दिवशी ते चमचा तोंडात ठेवून खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघत राहिले. त्यांचेही चौदा महिने झाले होते, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

बदलीचा कागद त्यांच्या ताटाशेजारी होता. मीच ठेवला होता, पेनासकट. त्यांनी तो उचलला, वाचला, घडी घातली आणि खिशात टाकला.

“मामा,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “असं खायला घालणाऱ्या माणसाला कोण सोडेल? एवढा उन्हाळा काढा. पावसानंतर बघू.”

सही पुढे दिवाळीच्या तोंडावर झाली. त्या वर्षीची आवणी मामाच्या बायकोनं मजूर लावून उरकली. यात माझ्या जिभेचा हात किती, याचा हिशोब मी अजून करत नाही. त्या घटकेला मात्र मामा हातात रिकामी वाटगी घेऊन खांबासारखा उभा होता. चौदा महिने साहेबांपुढे ‘व्हय साहेब’पलीकडे न गेलेला माणूस. पाहुणा हसत होता, साहेब नजर चुकवत होते, मी जमिनीकडे बघत होतो. आणि मामाच्या तोंडून, भरल्या पंगतीत, मोठ्यानं निसटलं:

“मग आधी सांगायचं न्हाई व्हय साहेब, वाईट कर म्हून!”