खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधलं, तेव्हा कोंबड्या पाळायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला झोपायचं होतं. सव्वीस वर्षं शिट्टीवर उठलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं? पण जतकडं गावी एकटी राहणारी आई अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं आणि मी तिला इकडं घेऊन आलो. हाड जुळलं. काठी घेऊन ती चालायला लागली, आणि त्या दिवसापासून तिचा एकच धोशा सुरू झाला, "मला गावाकडं सोड."

मला ती इथंच हवी होती. सगळी नोकरी तिच्यापासून लांब काढली, आता कुठं तिला सांभाळायची पाळी आली होती. गावी ती कोंबड्यांत रमायची, म्हणून मी पाच कोवळ्या कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. तेवढ्यानं ती राहील असं मला वाटलं.

खुराडं मी बॅरेकच्या थाटात बांधलं. खाली फरशी, वर पत्रा. पहिल्याच कडक उन्हात कोंबड्या चोची उघडून धापा टाकायला लागल्या. आई खुर्चीतून बघत होती. म्हणाली, "भाजून खातोस व्हय रं त्येंना?" मग पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं, फरशीवर भुसा पसरला. तो भुसा रोज उपसायचा, पाणी बदलायचं, जाळी तपासायची. तरी एक कोंबडी मुंगसानं नेलीच. सकाळी वाकलो की दुपारपर्यंत कंबर सरळ व्हायची नाही. आणि एवढं करून कोंबड्या मला ढुंकून विचारत नव्हत्या. आईनं कानडीत "बा, बा" म्हणून बोलावलं की मात्र पळत तिच्या पायाशी.

कोंबडा पहाट व्हायच्या आधीच बांग द्यायचा. शेजारच्या मास्तरांनी चारदा गोड बोलून सांगितलं आणि पाचव्यांदा हातच जोडले, तेव्हा मी तो देऊन टाकला. आईनं जाताना त्याच्यापुढं मूठभर दाणे टाकले.

गावाचा धोशा काही थांबला नाही. रोज चहाबरोबर ती "जाते" म्हणायची, रोज मी "न्हाई" म्हणायचो. खरं सांगतो, मी थकलो होतो.

श्रावण लागला. बायकोनं घरात अंडं बंद केलं, पण कोंबड्यांना श्रावण कोण सांगणार? टोपलीत अंडी साठत गेली. त्यातच तांबडी कोंबडी अंडी द्यायची थांबली आणि कोपऱ्यात पिसं फुगवून बसली. हात पुढं केला की टोचायची. मला वाटलं रोग लागला, मी औषध आणायला निघालो.

"आजारी न्हाई ती, खुडूक झालीया," आई म्हणाली. "अंड्यांवर बसायचं हाय तिला. ठेव नऊ अंडी तिच्याखाली. एकवीस दिस लागत्यात. तेवढं बगते आन् मग जाते."

मी मनात म्हटलं, एकदा पिल्लं निघाली की ही कसली जातेय!

ते दिवस बरे गेले. गावाचं नाव नाही, चहावर भांडण नाही. आई खुर्ची खुराड्यापाशी ओढून बसायची, मी शेजारी पायरीवर. वडलांच्या, मेंढरांच्या गोष्टी ती सांगायची. कधी मला तिथंच डुलकी लागायची.

सोळाव्या दिवशी खाद्याच्या दुकानात मी नऊ पिल्लांची बढाई मारली. दुकानदारानं विचारलं, "कोंबडा कंचा हाय, मेजर?"

"दिला की. कवाच."

तो पोट धरून हसला. कोंबड्याशिवाय अंडं येतं, मग पिल्लूही येईल, एवढाच हिशेब मी केला होता. लाज वाटली, पण भीती जास्त वाटली. हे कळलं तर आई उद्याच निघेल. म्हणून विसाव्या दिवशी बाजारातून चार पिल्लं बुटाच्या खोक्यात घालून आणली. दिवेलागणीला आई देवापाशी बसली असताना अंडी काढली आणि पिल्लं तांबडीच्या पोटाखाली सारली.

सकाळी आई काठी टेकत आली, वाकली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"आठवड्याची हायती रं ही! पंख फुटल्यात बघ. आन् कोंबडा तर तूच दिलास की."

"तुला ठावं हुतं?"

"जल्म गेला माजा कोंबड्यांत."

मला रागच आला. "मग अंडी कशाला ठिवाय लावलीस?"

ती सावकाश खुर्चीत टेकली. "बसनारीला अंडी काय आन् दगड काय, ती बसतीच. तू सुट्टीवर यायचास, तवा पयल्याच दिशी जायाची तारीख सांगायचास. लय राग यायचा मला. पर तारीख कळली की भांडान मिटायचं, मग दोगं जवळ बसायचो. हितं रोज भांडून दोगं बी दमलो. म्हनलं, आपुन बी घ्यावी एकवीस दिसाची सुट्टी."

तांबडी पिल्लांना पंखाखाली घेत होती.

दुसऱ्या दिवशी तिला पोचवायला निघालो. साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली तशी मी तिची पिशवी धरून ठेवली. "आये, चार दिस वाढवून न्हाई का मिळायचं?"

माझ्या प्रत्येक सुट्टीच्या शेवटी, जतच्या स्टँडवर, माझी बॅग धरून ती हेच विचारायची.

"न्हाई मिळत रं वाढवून," आई म्हणाली, आणि माझ्या हातातली पिशवी सोडवून घेतली.