नुसत्या स्पिरिटची थाळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

तंजावरला टीव्हीवर नवनवे चॅनेल येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काडेचिराइताचा अर्क पोटाच्या कॅन्सरच्या पेशींवर घालून बघत होतो. पेशी मद्रासहून आणायच्या, काचेच्या थाळीत वाढवायच्या. एका सकाळी थाळीतल्या सगळ्या पेशी मेलेल्या दिसल्या. मी हुरळून गेलो. एसटीडी बूथवरून पापनाशमला आक्काला फोन लावला.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आणि तिला पोटाचाच कॅन्सर होता. डॉक्टर म्हणत होते, लवकर सापडलाय, ऑपरेशन करून घ्या. माझा फोन झाला आणि तिनं ऑपरेशन रद्द केलं. भावाचं औषध असताना पोट कशाला फाडून घ्यायचं? चिराइताचा काढा प्यायची, आंबटाचं पथ्य पाळायची आणि गल्लीभर माझं कौतुक सांगत फिरायची.

आणि मग — कसं सांगू? अर्क मी स्पिरिटमध्ये काढला होता. अशा वेळी एका थाळीत नुसतं स्पिरिट घालून बघायचं असतं. घाईत मी ते केलंच नव्हतं. उशिरा केलं, तर त्याही थाळीतल्या पेशी मेल्या. मारत होतं ते स्पिरिट.

सांगायचं म्हणून बसनं पापनाशमला गेलो. ऑपरेशनची वेळ अजून गेलेली नव्हती, हे मला पक्कं कळत होतं. आक्कानं शेजारणींना बोलावून मला दाखवलं. मी — मी कॉफी प्यायलो आणि परत आलो. कशाची एवढी लाज वाटली? पुढच्या खेपेला सांगू, पुढच्या खेपेला सांगू, असं करत राहिलो. भेकड होतो, दुसरं काय.

शेवटी तिला पाणीही पचेना. मी उशाशी बसलो होतो. ती हळूच म्हणाली, "तुझें औषध चांगलेंच होतें रे. मीच पथ्य मोडलें. कावेरीवर गेलों तेव्हां पुळिसादम खाल्लें. कोणास सांगितलें नाहीं."

चिंचेचा भात. घासभर खाल्ला असेल. तेवढ्यासाठी ती आतल्या आत कुढत होती, मला तोंड कसं दाखवू म्हणून. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना?

मी तिचा हात हातात घेतला. म्हणालो, "असूं दे, आक्का."

मी तिला माफ केलं.