ईश्वरप्पाचं वजन

रुद्रेश सरांच्या क्लासला लातुरात गर्दी व्हायची ती ईश्वरप्पामुळे. फिजिक्सच्या प्रत्येक गणितात हा ईश्वरप्पा असायचाच. वस्तुमान शंभर किलो, म्हणजे आकडेमोड सोपी. सर त्याला कधी उतारावरून घसरवत, कधी कप्पीला लटकवत, कधी सी-सॉच्या टोकावर बसवून समोर तुरीची पोती रचत. पोरं खदाखदा हसत आणि हसता हसता टॉर्क शिकून जात.

ईश्वरप्पा हे सरांच्या उदगीरच्या सासऱ्यांचं नाव, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नात सासऱ्यांनी 'शिकवण्या घेणारा जावई' म्हणून नाक मुरडलं होतं. तोंडावर बोलायची सरांची छाती नव्हती, म्हणून फळ्यावर सूड चालला होता. सासऱ्यांचं आडत दुकान, बाजारात वजन. ते कशाला गाव सोडून येतायत?

यंदा दुकान मुलाच्या, अमरेशच्या हाती गेलं आणि ते आले. नातीला, अमरेशच्या स्वप्नालीला क्लासात बसवलं आणि परत जायचं सोडून स्वतःही शेवटच्या बाकावर टेकले.

"चालू द्या जावईबापू. बगतो तरी, काय शिकवायलात."

सरांना दरदरून घाम फुटला. फळ्यावर गणित आधीच लिहून झालं होतं: ईश्वरप्पा लिफ्टमध्ये उभा आहे.

"आमचं नाव घातलं व्हय!" सासरे खूश झाले.

"लिफ्ट दोनच्या त्वरणानं वर निघाली," सर कसेबसे म्हणाले. "शंभर किलोचा, म्हणजे हजार न्यूटनचा ईश्वरप्पा किती भरेल?"

"बाराशे!" पोरं ओरडली. सासरे मिशीत हसले.

"तशीच खाली निघाली तर?"

"आठशे!" हसू जरा ओसरलं.

तिसरा प्रश्न सरांनी गिळला. पण तो पोरांच्या खास आवडीचा. त्यांनी स्वतःच विचारला आणि स्वतःच गजर केला, "दोर तुटला! ईश्वरप्पाचं वजन शून्य!"

स्वप्नालीनं मान खाली घातली. आता हे उठणार, नातीला घेऊन जाणार आणि बायको मंजुषा जन्मभर आपल्याला ऐकवणार, अशी सरांची खात्री झाली. सासरे उठलेच नाहीत.

"बरोबर हाय," ते हळूच म्हणाले. "दुकान पोराकडं गेल्यापासून कुणी इचारंना. शून्यच हाय."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला इतकी वर्षं पाडत होतो तो आपला आपणच पडला होता, आणि त्यात काडीची मजा नव्हती.

"वजन जातं मामा, वस्तुमान जात नाही," ते घाईघाईनं म्हणाले. तेवढ्यानं भागेना म्हणून दाराशी गेले. बिजागरीजवळ जोर लावून दाखवला, दार हलेना. मग कडेला एक बोट लावलं, दार फिरलं. "हा टॉर्क. अंतर वाढलं की थोड्या बळातही काम होतं."

सासऱ्यांनी उठून दोनदा दार फिरवून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला तसं सरांनाही मनापासून बरं वाटलं.

तेच महागात पडलं. सासऱ्यांनी संध्याकाळची गाडी रद्द केली ती केलीच. आता ते लेकीकडे राहतात आणि उदगीरचं दुकान लातुरातून फोनवर चालवतात.

"जवळ बसून वरडायचो, तवा ऐकत नव्हता," ते सरांच्याच खुर्चीत बसून सांगतात. "लांबून बोट लावलं की अमरेश कसा गरगर फिरतो. तुमचंच गणित हाय."

क्लासातही ते रोज येतात. नाव खोडू नका म्हणाले, फक्त लिफ्ट वर जाऊ द्या. म्हणून यंदाच्या बॅचचा ईश्वरप्पा कायम बाराशे न्यूटन भरतो. दोर तुटतो त्या लिफ्टमध्ये सर आता 'एक जावई' उभा करतात. पोरं त्याचं वजन शून्य सांगतात आणि शेवटच्या बाकावरून आवाज येतो, "शाबास!"