सशाचं जेवण होऊ दे

दुसऱ्यांचे डबे घरात साठतात तसे किस्से साठतात. कुठला कोणाचा हे आधी पक्कं माहीत असतं. मग झाकणं बदलतात, आणि शेवटी सगळेच आपले म्हणून आपल्या कपाटात राहतात.

माझा नवरा अनिल गेल्यावर इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्ली या उपनगरातल्या आमच्या घरी असे डबे बरेच जमले. ते परत न्यायला एके दिवशी सतीश आणि मंगेश आले. दोघंही अनिलचे शिकारीचे जोडीदार. डबे इथेच विसरून गेले, पण जाता जाता मला मात्र ग्रुपमध्ये घेऊन गेले.

शिकार हा तसा मोठा शब्द झाला. आम्ही मारतो ससे, म्हणजे बाकीचे मारतात. शहरापासून दोनेक तासांवर केन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची मेंढ्यांची जमीन आहे. सशांनी ती पोखरून ठेवली आहे. बिळात पाय जाऊन मेंढ्या लंगड्या होतात, म्हणून कोणी ससे मारायला आलं की केनला आनंदच होतो.

माझ्यापुढे प्रश्न अनिलच्या रायफलचा होता. नियमाप्रमाणे ती बंदुकीच्या दुकानात जमा होती. एक तर विकायची, नाहीतर माझ्या नावाचं लायसन्स काढून घरी आणायची. रुचा, आमची मुलगी, युनिमध्ये शिकते. ती म्हणाली, "आई, जस्ट सेल इट. तू झुरळसुद्धा मारत नाहीस."

खरं होतं ते. झुरळं अनिल मारायचा.

शेवटी मायलेकींचं ठरलं. दिवाळीपर्यंत माझ्या हातून एक तरी ससा पडला तर रायफल राहील, नाही पडला तर विकायची.

*

लायसन्ससाठी आधी सेफ्टीचा कोर्स करावा लागतो. वर्गात सगळी दाढीवाली तरुण मुलं, आणि मध्ये मी, पंजाबी ड्रेस आणि स्पोर्ट्स शूजमध्ये. शिकवणारा माणूस फार सज्जन. पहिली गोळी झाडायच्या आधी त्याने मला बाजूला घेऊन बराच वेळ धीर दिला. आवाज होईल, दचकू नका, डोळे मिटू नका, नंतर थोडा वेळ बसावंसं वाटलं तर खुर्ची आहे.

मी गोळी झाडली आणि पुढच्या सूचनेची वाट बघत उभी राहिले. त्याने विचारलं, ठीक आहात ना?

मी म्हटलं, "आमच्या कुकरची शिट्टी याच्यापेक्षा मोठी वाजते."

पुढे मंगेशने हा किस्सा इतक्या घरी सांगितला, की आता मला कोणी जेवायला बोलावलं की स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी होते आणि बाहेर सगळे माझ्याकडे बघतात.

*

माझा पहिला शनिवार. सतीश पुण्याचा, आयटीतला. कुठलंही नवीन काम त्याला मुहूर्ताशिवाय सुरू करता येत नाही. वहिनींचा पहिला दिवस म्हणून त्याने नारळ आणला होता. आम्ही वाऱ्याची दिशा बघून, वाकून, पाय न वाजवता बिळांच्या अगदी समोर जाऊन पोहोचलो. उतारावर ससे आरामात चरत होते. इतके जवळ मी फक्त चित्रांत पाहिले होते.

सतीशने पुढे होऊन, डोळे मिटून, नारळ दगडावर फोडला.

डोळे उघडले तेव्हा उतारावर फक्त गवत होतं. केन आपल्या बिस्किट नावाच्या कुत्र्याला धरून मागे उभा होता. त्याने शांतपणे विचारलं, "हे त्यांना बोलवायला असतं की सावध करायला?"

खोबरं बिस्किटने खाल्लं.

*

तिसरा मेंबर मंगेश. डोंबिवलीचा, इथे गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे. त्याला हळू बोलता येत नाही. तो जेव्हा "शांत बसा रे" म्हणतो, तेव्हा पलीकडच्या शेतातल्या मेंढ्यासुद्धा माना वर करतात. शिवाय त्याच्या खिशात चिवड्याची पिशवी असते. ती तो अगदी दबकत, एक एक दाणा काढत खातो. ते ऐकणं फार त्रासाचं असतं. एकदा सतीश वैतागून म्हणाला, "अरे, एकदाच काय तो बकाणा भर आणि संपव!"

त्याच सतीशने मग पगारवाढीच्या आनंदात नखशिखांत हिरवट ठिपक्यांचं सामान घेतलं. जॅकेट, टोपी, बॅगसुद्धा तशीच. दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे, की गवतात ठेवली तर कोणाला दिसणार नाही. सतीशने ती गवतात ठेवली. गाडीची किल्ली बॅगेत होती.

सगळी आर्वो, म्हणजे इथली दुपार, आम्ही बॅग शोधत होतो, एका रांगेत, शेतात काही पुरलंय की काय असे पाय टाकत. शेवटी ती बिस्किटला सापडली, कारण आत थालीपीठ होतं.

घरी आल्यावर रुचाने विचारलं, "सो, एनी लक?"

मी म्हटलं, "एक बॅग."

*

हे सगळं चाललं होतं, पण माझं मन एका ठिकाणी अडकलं होतं. अनिल इतकी वर्षं दर वेळी ससा घेऊन यायचा. रिकाम्या हाताने कधीच नाही. साफ केलेला, पिशवीत गुंडाळलेला. मी रविवारी रस्सा करायची आणि हे दोघं बायकामुलांसह जेवायला हजर. मला जे जमत नव्हतं ते त्याला इतकं सहज कसं जमायचं, असं मी एकदा परतीच्या वाटेवर गाडीत विचारलं.

मंगेशने चिवडा खाणं थांबवलं.

मग सतीश म्हणाला, "वहिनी, अनिलने एकही ससा मारला नाही कधी."

अनिलच्या आईची घरात एक शिस्त होती. जेवत्या माणसाला हाक मारायची नाही, उठवायचं नाही, मग दारात कोणीही येवो. ते त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं, की ससा गवत खाताना दिसला की तो नेम धरायचा आणि बोट काढून घ्यायचा. "होऊ दे त्याचं जेवण," म्हणायचा. आणि ससा, मंगेशने खुलासा केला, बिळाबाहेर येतो तो फक्त खायलाच.

"अहो, पण मग ते रस्से?"

"आमच्यातला एक देऊन टाकायचो त्याला. तो रिकाम्या हाताने आला असता तर तुम्ही रस्सा कशाचा केला असता?"

केनला मी पुढे हे विचारलं, तर तो म्हणाला, "तुझा नवरा माझ्या शेतावर सशांची खानावळ चालवायचा." मग त्याने एक आडवा पडलेला ओंडका दाखवला. अनिल त्यावर बसायचा.

मी घरी येऊन सगळं रुचाला सांगितलं. ती खूप हसली. मग म्हणाली की मग तर ती रायफल विकायलाच हवी, बाबानेही ती कधी वापरली नाही.

*

दसरा आला. आदल्या दिवशी शस्त्रांची पूजा करायची, पण रायफल कायद्याने तिजोरीत कुलूपबंद. म्हणून मी बंद तिजोरीचीच पूजा केली. दाराला हळद, कुंकू, वर झेंडू. नेमका दुसऱ्या दिवशी तिजोरी तपासायला पोलीस आला. तरुण पोरगा. दाराशीच थबकला.

"मॅम, इज दॅट ब्लड?"

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. देव, दसरा, कुंकू, झेंडू. त्याने लक्ष देऊन ऐकलं, तिजोरी तपासली, कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून दार कोपराने लावलं. मग खाली बघून हळूच विचारलं, "मी बूट काढायला हवे होते का?"

तोपर्यंत माझ्या नावावर शिकार म्हणून फक्त केनच्या कुंपणाचा एक खांब होता. दिवाळी तीन आठवड्यांवर होती.

*

शेवटचा शनिवार. मी ओंडक्यामागे पोटावर झोपले होते. डावीकडे सतीश, उजवीकडे मंगेश, खिसे रिकामे करून. उतारावर एक मोठा ससा आला आणि खायला लागला. इतका सोपा नेम मला कधीच मिळाला नव्हता. दोघांचे श्वास थांबलेले मला कळत होते.

मी बोट काढून घेतलं.

सतीशने कपाळ जमिनीला टेकलं. ससा खात होता. या बाजूचं संपवून त्या बाजूचं. मध्येच थांबला, वाटलं झालं, तर पुन्हा सुरू. सूर्य झाडांमागे गेला. माझा हात बधिर झाला. मंगेशच्या पोटातून आवाज आला, तोही त्याने दाबला.

मग ससा मागच्या पायांवर बसला. पुढचे दोन्ही पंजे उचलून त्याने तोंड पुसलं, नीट, दोन्ही गालांवरून.

"झालं वाटतं," मंगेश म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो आयुष्यात कधी बोलला नसेल.

मी चाप ओढला.

रुचाला फोटो पाठवला. उत्तर आलं, "ओके. कीप इट."

केनच्या शेडसमोर, कॅम्पच्या गॅसवर मी रस्सा केला. कुकर घरून आणलेला होताच. शिट्टी झाल्यावर दोघांनी माझ्याकडे बघितलं. मंगेशने वाढायला घेतलं. पहिलं ताट त्याने भरलं, कोणाला दिलं नाही, जाऊन ओंडक्यावर ठेवलं आणि परत येऊन बाकीची भरायला लागला. ते ताट कोणाचं, हे केनला आम्ही सांगितलं नव्हतं.

बिस्किट वास घेत ओंडक्याकडे निघाला. केनने हातातलं ताट खाली ठेवलं, दोन ढांगांत जाऊन त्याचा पट्टा धरला आणि त्याला मागे ओढलं.

"नॉट नाऊ, मेट," तो म्हणाला. "ही'ज स्टिल ईटिंग."