शाल आणि श्रीफळ

लखनऊच्या मराठी मंडळाला सत्कार करायला दरवर्षी एक माणूस लागतो. नसला तर शोधून काढतात. त्या वर्षी त्यांना वासंती भोईटे सापडली. तेलीबागेत राहणारी, फौजेतल्या हवालदार हणमंतरावांची विधवा. एरवी हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या दारापर्यंत यायचं नाही. पण तिच्या माडीवर भाड्याने राहून गेलेल्या निमलचा सिनेमा त्याच्या देशात, दक्षिणेकडच्या त्या बेटावर, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला होता आणि त्यात शेवटी ‘वासंती अम्मा, लखनऊ’ असे आभार होते म्हणे. मग काय, मंडळाला एकदम वहिनी आठवल्या.

बेट तेच होतं, जिथे हणमंतराव शांतिसेनेबरोबर गेले आणि शेवटची रजा संपवून पुन्हा गेले ते परतलेच नाहीत. निमल गाणं शिकायला इथे आला आणि वासंतीने त्याला खोली दिली, तेव्हा शेजारणींनी नाकं मुरडली होती. तिला मात्र त्या पोराचा राग कधी आलाच नाही. घरात बोलायला कुणी नव्हतं. मुलगी जुई लहान होती. निमल चहाचा कप हातात धरून ऐकत बसायचा. अशाच एका दुपारी तिने त्याला ती गोष्ट सांगितली, जी कुणाला सांगायची नाही अशी शपथ नवऱ्याने घातली होती.

शेवटच्या रजेत इथल्या छावणीतल्या गणपतीपुढे हणमंतरावांना नारळ फोडायला सांगितलं, तर ते नारळ खाली ठेवून घरी निघून आले. तिकडे बेटावर एका बागेत एक म्हातारा त्यांच्या गोळीने गेला होता. त्याच्या हातात बॉम्ब आहे असं त्यांना वाटलं. होता नारळ. त्या दिवसापासून भोईट्यांच्या घरात नारळ आला नाही. पोह्यांवर खोबरं नाही, चटणी दाण्याची. जुई विचारायची तेव्हा वासंती सांगायची, खोबऱ्याने खोकला होतो.

“एका म्हाताऱ्याची गोष्ट आहे, अम्मा,” निमल फोनवर म्हणाला होता. तिथेच तिला कळायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी चार बायका आपल्या घरी येणार, या आनंदात तिने पुढे काही विचारलंच नाही.

रविवारी दुपारी माणसं जमली. निमलने पाठवलेली कॅसेट दाखवायला भाड्याचा व्हिडिओ आला, जुईने तारा जोडल्या. अध्यक्ष मधुसूदन टिळेकर, बँकेतून निवृत्त झालेले, भाषणाची सवय न सुटलेले. त्यांनी वासंतीच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात श्रीफळ दिलं. टाळ्या पडल्या. वासंतीला ते कुठे ठेवावं सुचेना, म्हणून मांडीवरच घेऊन बसली.

सिनेमा पाऊणएक तास बरा चालला. मग माडांच्या बागेतून लुंगीतला एक म्हातारा बाहेर आला. समोर एक तरुण शिपाई. “हाथ ऊपर!” शिपाई हिंदीत ओरडला. म्हाताऱ्याने घाबरून हात वर केले. एका हातात नारळ होता. गोळी सुटली. नारळ गडगडत शिपायाच्या बुटांपाशी येऊन थांबला.

“बंद कर गं ते!” टिळेकर कडाडले. जुईने चित्र थांबवलं. “आपल्या जवानांची बदनामी करून बक्षिसं मिळवतात! वहिनी, हणमंतराव तिथेच होते. तुम्हीच सांगा, असं काही झालं होतं का?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. भिंतीवर हार घातलेले हणमंतराव होते. जुईही बघत होती.

“नाही,” वासंती म्हणाली. “खोटं आहे सगळं.”

खोलीचा जीव भांड्यात पडला. वासंतीला स्वतःचीच किळस आली.

“ऐकलंत?” टिळेकर खूश झाले. “जुई, तो नारळ फोड बाबांच्या फोटोपुढे. खोबरं वाटू सगळ्यांना.”

जुईने हात पुढे केला. वासंती नारळ सोडेना.

“माँ, दो ना. सब देख रहे हैं.”

“ह्यांच्या फोटोपुढे नको गं!” ती इतक्या जोरात ओरडली की दारातल्या बाईच्या हातातली बशी हिंदकळली.

जुई तशीच उभी राहिली. तिने पडद्यावरच्या थांबलेल्या शिपायाकडे पाहिलं, मग फोटोकडे.

“इसीलिए अपने घर में नारियल नहीं आता?” तिने हळूच विचारलं. “पापा थे वो?”

वासंतीने होय म्हणून मान हलवली. टिळेकर वाकून चपला शोधू लागले. एकेक करत सगळे निघून गेले. पोहे तसेच राहिले. जुई भिंतीला टेकून खाली बसली.

“त्याने हात वरच केले होते गं,” वासंती म्हणाली. “ह्यांनीच सांगितलं होतं, वर कर म्हणून.”