जागा अडवणारी गोळी

आमचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. मेंदूत औषधं जाऊन बसतात अशा ठरावीक जागा असतात. तिथेच जाऊन बसेल असं द्रव्य बनवायचं, त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडायचं, म्हणजे एक दिवस जिवंत माणसाच्या मेंदूतल्या त्या जागा बाहेरून दिसतील. तूर्त सगळं उंदरांवर. प्रयोगशाळा माहुलच्या बाजूला. रिफायनरीचा वास केसांत घेऊनच मी घाटकोपरला घरी यायची.

घरी बाबा. गिरणीत मागावर तुटलेला धागा न बघता सांधणारा माणूस, आणि आता हात थरथरायचे, चेहरा लाकडासारखा. डॉक्टर म्हणाले, कंपवात, वयाचा. तशातच मोरीत पडून खुबा मोडला. आमची सगळी धडपड मेंदूतला हाच आजार बाहेरून बघता यावा म्हणून, आणि माझ्या घरात तिचा काडीचा उपयोग नाही. नुसती चिडचिड व्हायची माझी.

द्रव्य नेमक्या जागी जातं का, हे तपासायची एक रीत होती. आधी त्या जागा अडवणारं औषध उंदराला टोचायचं, मग आपलं द्रव्य. मेंदूचे काप फिल्मवर ठेवले की किरणांचे डाग उमटतात; जागा आधीच भरलेल्या, म्हणून फिल्म कोरी आली की आपण जिंकलो. एकदा नेहमीचं औषध संपलं. सहकारी म्हणाली, अगं, उलटीचं साधं औषधही तिथेच बसतं, टोच. फिल्म कोरी आली. झकास, म्हणाले सगळे. मी बाटलीवरचं नाव वाचत उभी. काखेत कळसा म्हणतात, तो हा. याच नावाच्या गोळ्या बाबांना मळमळीसाठी गल्लीतल्या डॉक्टरने कधीकाळी दिलेल्या, आणि आई त्या वर्षानुवर्षं न चुकता भरवत आलेली. त्या जागा अशा अडून राहिल्या की माणसाला कंपवातासारखीच थरथर सुटते.

मोठ्या डॉक्टरांना विचारून गोळ्या थांबवल्या. आईला एवढंच म्हटलं, आता नकोत. थरथर हळूहळू गेली, पण खुबा जुळेना, पाठीला जखमा झाल्या, ताप उतरेना. शेवटी शेवटी बाबांनी चादरीचा सुटलेला धागा ओढला, दोन बोटांत झटकन गाठ मारून आईला दाखवली. हसलेसुद्धा.

तेरावं झाल्यावर आईने उरलेल्या गोळ्या माझ्यासमोर ठेवल्या.

"या बंद केल्यावर हात सुधारले ना गं?"

मी मान डोलावली.

"मोरीत पडले ते पण यांच्यामुळेच?"

खोटं बोलायला हवं होतं. नाही जमलं मला. "असेल गं," म्हटलं.

आईने गोळ्या पुन्हा स्वतःकडे ओढल्या.

"एकदा नको नको म्हणत थुंकले होते," ती म्हणाली. "मी ओरडले, आणि दुसरी दिली."