मालकीण फिरायला गेली आहे

वेळणेश्वरला देवळाकडून समुद्रावर उतरणारी दगडी पायऱ्यांची पाखाडी जिथे संपते, तिथे माडांच्या सावलीत पालशेतकरांचं घर आहे. फाटकावर 'घरगुती जेवणाची व राहण्याची सोय' अशी पाटी आहे. घर सहदेवच्या बापाने बांधलं, पण गावात कुणीही ते काशीवहिनीचं म्हणूनच दाखवतं, आणि त्यात तिच्या नवऱ्याला, सहदेवलाही काही वावगं वाटत नाही.

काशी या घरात लग्न होऊन आली तेव्हा सहदेव बोटीवर नोकरीला लागलेला होता. मालवाहू बोटीच्या इंजिनखान्यात तेलपाणी बघायचं काम. वर्षातले बरेचसे महिने तो दर्यावर असायचा. सासू-सासऱ्यांची आजारपणं, आगरातल्या पोफळी, मुलीची शाळा हे सगळं काशीने एकटीने ओढलं. पुढे किनाऱ्यावर पर्यटक यायला लागले तशी तिने ओटीला लागून असलेली खोली झाडूनपुसून मोकळी केली. पुण्याचं एक कुटुंब तिथे मुक्कामाला राहिलं, सकाळी घावणे आणि नारळाचा रस खाऊन खूश झालं, आणि पुढच्या सुट्टीत आपल्या नातेवाइकांना घेऊन परत आलं. एका खोलीच्या हळूहळू चार झाल्या.

त्या खोल्यांचं बांधकाम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. काशीने न्हाणीघरांसाठी निळ्या नक्षीच्या लाद्या आणल्या. गवंड्याने नाक मुरडलं. पांढऱ्या लावा, वहिनी, स्वच्छ दिसतात, असं त्याचं म्हणणं. सहदेव तेव्हा सुट्टीवर घरी होता. तो मुळात कमी बोलणारा. लादी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पोर्तुगालात मी एक चर्च बघितलं होतं. अख्खी भिंत असल्या निळ्या लाद्यांची. तिच्यावर चित्रं, माणसाएवढाली."

आत काय होतं, असं काशीने विचारलं.

"आत कुठे गेलो? बंदरातून गाडी जात होती, तिच्यातून दिसलं."

एवढंच बोलून तो चहा प्यायला गेला. पण ती भिंत काशीच्या डोक्यात राहिली. पुढे न्हाणीघरं घासताना कितीदा तरी तिला वाटायचं, एवढी एवढी लादी इतकी छान दिसते, तर तिची अख्खी भिंत कशी दिसत असेल?

गावात सहदेवची ख्याती जग फिरून आलेला माणूस अशी होती. काशीबद्दल तसं कुणी म्हणण्यासारखं नव्हतं. तिचा प्रवास म्हणजे माहेर, चिपळूणचा दवाखाना आणि लग्नकार्याला मुंबई. प्रत्येक वेळी जायला काहीतरी कारण आणि हातात एक डबा. नुसतं बघायला म्हणून ती कधी कुठे गेली नव्हती. उतरलेले पाहुणे जेवताना विचारायचे, "काकू, तुम्ही कधी फिरायला जाता?" ती हसायची आणि वाढपाच्या भांड्यातली आमटी सारखी करायची.

मात्र पाहुण्यांना ती नीट निरखायची. काहीजण यायच्या आधीच घाईत असतात. गाडीतून उतरता उतरता विचारतात, इथे बघण्यासारखं काय काय आहे, आणि काहीच न बघता निघून जातात. काहीजण बिचकतात, पाणी मागायलाही त्यांना संकोच. आणि थोडेजण असे की कुणाशीही बोलतात, वाटेल तिथे बसतात, चुकले तर हसतात. त्यांना मासळी विकणारी गोदा आपल्या घरी चहाला नेते. काशीला हे तिसरे पाहुणे फार आवडायचे.

मुलगी वेदिका हॉटेलचं शिकली आणि नोकरीसाठी थेट पोर्तुगालात, पोर्तो नावाच्या शहरात गेली. दुसऱ्या वर्षी तिने आईबाबांना बोलावलं. तिला रजा मेमध्येच मिळत होती. मे म्हणजे घराच्या चारही खोल्या भरलेल्या, ओटीवरसुद्धा गाद्या पडलेल्या. दीर म्हणाला, ऐन हंगामात घर बंद ठेवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. भाषा येत नाही, थंडी सोसायची नाही, तिकडे जाऊन करणार काय? सहदेवलाही फार उमेद नव्हती. त्याचं म्हणणं, मी बघितलंय सगळं, तू एकटी जाऊन ये.

काशीने कुणाशी वाद घातला नाही. तिने ज्यांनी खोल्या धरून ठेवल्या होत्या त्यांना एकेक करून फोन केले आणि शेजारच्या घरांत त्यांची सोय लावून दिली. मग एक पत्रा आणून त्यावर स्वतः ब्रशने अक्षरं काढली आणि तो फाटकावरच्या पाटीच्या वर तारेने बांधला. 'मालकीण फिरायला गेली आहे.' अख्खी वाडी येऊन ती पाटी वाचून गेली. सहदेवने बॅग भरायला काढली ती त्याच संध्याकाळी.

पोर्तोत पोचल्यावर वेदिकाने त्यांना नदी दाखवली, पूल दाखवला. मग तिची रजा संपली. रविवारपर्यंत दोघांनी घरीच आराम करावा, मग मी बाबांनी बघितलेलं ते निळ्या भिंतीचं चर्च दाखवायला नेते, ते याच शहरात आहे, असं बजावून ती कामावर गेली. काशीने स्वयंपाकघर आवरलं, खिडकीतून थोडा वेळ रस्ता बघितला आणि पायांत बूट चढवले. साडीवर स्वेटर, डोक्याला रुमाल. आपण जाऊन येऊ, असं तिने सहदेवला सांगितलं. जग फिरलेला माणूस बरोबर असताना तिला कसली भीती?

पहिल्या दोन गल्ल्या बऱ्या गेल्या. मग तिच्या लक्षात आलं की सहदेव भिंतीला धरून चालतोय. त्याचा हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जात होता. पोलिसाची गाडी दिसली तसा तो थबकला आणि परत फिरू म्हणाला.

काय झालं, असं तिने विचारलं.

"पास नाय गो," तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याचा त्यालाच अर्थ लागला, पण पाय काही हलेनात. बोटीवरून खाली उतरायचं तर हातात पास लागायचा. तो नसला तर बंदराच्या फाटकावरचे शिपाई अडवायचे, कधी खोलीत बसवून ठेवायचे. बहुतेक बंदरांत तो उतरलाच नव्हता. उतरला तेव्हा गाडीत बसून फोन करायला गेला आणि त्याच गाडीतून परत आला. इतक्या देशांच्या काठाला लागलेला हा माणूस एकाही देशात पाहुणा म्हणून गेला नव्हता. काशीला हे आजवर कधी सुचलंच नव्हतं. कुणी त्याला विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगणारा तो नव्हता.

तिने त्याच्या दंडाला धरलं. भर रस्त्यात नवऱ्याचा हात तिने आयुष्यात पहिल्यांदा धरला असेल.

"अहो, आपण आता पाहुणे आहोत," ती म्हणाली. "पाहुण्याने घाबरायचं नसतं. विचारायचं असतं. मी रोज बघते ना."

आणि ती विचारायला लागली. दिसेल त्याला. फुलं विकणाऱ्या बाईला, कुत्रा फिरवणाऱ्या म्हाताऱ्याला. भाषा मराठीच. हाताने हवेत चौकोन काढायचा, साडीच्या निळ्या काठावर बोट ठेवायचं, हात जोडायचे आणि वर बघायचं. म्हाताऱ्याने तिला आधी बाथरूमच्या सामानाच्या दुकानात नेलं. तिथे मांडलेल्या लाद्या बघून काशीला इतकं हसू आलं की म्हातारा आणि दुकानदार दोघेही हसायला लागले. सहदेवही हसला. तिथून पुढे त्याचा हात खिशाकडे गेला नाही. दुकानदाराने बाहेर येऊन वळण दाखवलं.

वळण घेतलं आणि समोर भिंत.

ती न्हाणीघराच्या लादीसारखी नव्हतीच. जमिनीपासून छपरापर्यंत नुसती निळाई. लादीला लादी जोडून उभे केलेले साधू, ढगांतून वाकून बघणाऱ्या बाया, झाडं, पायऱ्या, दूरवरचे डोंगर. निळ्याच रंगात ऊन होतं आणि निळ्याच रंगात सावली. एका बाईच्या पदराची घडी तीन लाद्यांतून खाली आली होती आणि कुठेही तुटली नव्हती. काशी रस्त्याच्या पलीकडच्या कट्ट्यावर बसली. कुणाला चहा द्यायचा नव्हता, कुणाच्या मुलाला दूध गरम करायचं नव्हतं, गॅसवर काही चढवलेलं नव्हतं. तिने मनाला येईल तितका वेळ बघितलं. पुढे जाऊन हात लावला, तर लादी उन्हाने कोमट झालेली. सहदेव शेजारी उभा होता. "हीच," एवढं तो म्हणाला.

पण दार बंद होतं. दुपारची वेळ. पायऱ्यांवर एक जाडजूड बाई फरशी पुसत होती. काशीचा पाय ओल्यात पडणार हे बघून तिने हातानेच थांबवलं आणि भांडं बाजूला ओढत काहीतरी म्हणाली. त्यातला एक शब्द काशीच्या कानात अडकला.

"बालदी?" तिने भांड्याकडे बोट दाखवलं.

बाईने मान वर केली. "बाल्द," ती म्हणाली.

काशीने फेसाकडे बोट केलं. "साबण."

बाईने पुसणी खाली ठेवली. तिचा शब्द नाकातून आला, पण होता साबणच. मग तिनेच कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला आणि तिने आपला शब्द सांगण्याआधी काशी म्हणाली, "चावी." बाईने दोन्ही हात गालांवर ठेवले. वरच्या खिडकीकडे बोट झालं. काशीच्या माहेरी आजी खिडकीला जनेल म्हणायची. तो कधीचा मागे पडलेला शब्द तिच्या तोंडून आपसूक बाहेर आला, आणि बाईने तोच शब्द शेवटी आ लावून परत दिला. मेज, पाद्री, बटाटा, काजू. दोघी पायरीवर शेजारी शेजारी बसून शब्द काढत होत्या. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर येऊन गेले हे काशी शाळेत शिकली होती. पण त्यांचे शब्द आपण अजून घरात वापरतोय आणि त्यांची एक बाई आपल्याशी त्यातून बोलू शकते, हे तिला या पायरीवर कळलं.

बाईचं नाव लुर्देस. तिने बालदी ओतली, हात पुसले आणि दाराची चावी फिरवली.

आत थंड अंधार होता, आणि डोळे सरावले तसं लाकडावर चढवलेलं सोनं दिसायला लागलं. काशीने हात जोडले, सहदेवनेही जोडले. थोडा वेळ सगळ्यांत पुढच्या बाकावर दोघे बसून राहिले. मग लुर्देसने कोपऱ्यातलं एक अरुंद दार उघडलं आणि वर बोट दाखवलं. दगडी जिना गोल गोल वर गेला होता. सहदेवने काशीच्या गुडघ्यांकडे बघून नको म्हटलं.

"एवढ्या लांब येऊन खालून बघून जाऊ होय?" काशी म्हणाली.

प्रत्येक वळणावर ती बसली. एका ठिकाणी तिने भिंतीला टेकून डोळे मिटले तेव्हा लुर्देसने मागून तिच्या कमरेला हात दिला. साडीचा घोळ एका हातात, दुसऱ्या हाताने आधाराला भिंतीवर बांधलेला दोर धरलेला, अशी ती चढत राहिली. शेवटचं दार ढकललं तर वाऱ्याने डोक्यावरचा रुमाल उडवून नेला.

खाली सगळ्या शहराची लाल कौलं. वेळणेश्वरची असतात तशीच, फक्त संपतच नव्हती. त्यांच्या पलीकडे पांढरट उजेडात समुद्र. सहदेव कठड्याशी गेला आणि डोळ्यांवर हात धरून बघायला लागला.

"ती क्रेन दिसते का?" तो म्हणाला. "तिच्या डावीकडे आमची बोट लागायची. आतला धक्का. थंडीत दोर हाताला चिकटायचे."

मग तो बोलतच सुटला. कुठल्या बोटीवर कोण होतं, इंजिनखान्यात वेळ कळायला घड्याळाशिवाय दुसरं काही नसायचं, शिट्टी झाली की बंदर आलं हे कसं कळायचं, वेदिका झाल्याची तार कुठे मिळाली आणि तेव्हा चीफ इंजिनिअरने सगळ्यांना काय खायला घातलं. इतक्या वर्षांच्या संसारात काशीने हे ऐकलं नव्हतं. ती वाऱ्यात केस सावरत ऐकत राहिली. लुर्देसला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तीही दाराला टेकून ऐकत होती. उतरण्याआधी लुर्देसने दोघांचा फोटो काढला. त्यात सहदेव नीट हसलाय आणि काशी कॅमेऱ्याकडे न बघता समुद्राकडे बघतेय.

संध्याकाळी वेदिका घरी आली तर दाराला कुलूप. ती घाबरून खाली धावली आणि कोपऱ्यावरच तिला आईबाबा दिसले. बाबांच्या हातात पाव आणि तारल्या माशांची पिशवी, आईच्या हातात लुर्देसने दिलेली पुदिन्यासारखी कसलीशी जुडी. वेदिका आधी रागावली, मग सगळं ऐकता ऐकता तिने बाबांच्या हातातली पिशवी घेतली. काशीने तारल्या साफ करायला घेतल्या आणि सांगून टाकलं की रविवारची वाट बघायची गरज नाही. नदीच्या काठाकाठाने आगगाडी आत डोंगरात जाते, हे तिला लुर्देसच्या खाणाखुणांतून समजलं होतं. उद्या तिकडे जायचं.

कुणाबरोबर जाणार, वेदिकाने विचारलं.

सहदेव लसूण सोलत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मी आहे ना तिच्याबरोबर. वाट तीच विचारील."

दुसऱ्या दिवशी वेदिका उठली तेव्हा ते दोघे निघून गेले होते. मेजावर तिच्यासाठी झाकून ठेवलेले घावणे होते, अजून गरम.